गाडी उचलली की शाफ्ट का तुटतो?

सॉकेट सेटच्या डब्यात बहुतेकदा एक लुळा तुकडा असतो. अडचणीच्या जागेतला बोल्ट फिरवायला दिलेला छोटा युनिव्हर्सल जॉइंट. तो रॅचेटला लावा, पुढे सॉकेट अडकवा आणि एखादा जरा घट्ट बोल्ट सरळ रेषेत फिरवून बघा. हात गुळगुळीत फिरतो. आता रॅचेट तीस-पस्तीस अंशांत वाकवून तोच बोल्ट फिरवा. एका फेरीत दोनदा हात मोकळा सुटतो आणि दोनदा अडतो, हे लगेच जाणवेल.

उंच केलेल्या फोर बाय फोर गाडीचा शाफ्ट का थरथरतो, ती दर काही महिन्यांनी जॉइंटमधला क्रॉस का खाते आणि शेवटी नेमक्या चढावर ‘खाड्’ आवाज का येतो, याचं निम्मं उत्तर त्या तुकड्यात आहे. मला ते फार उशिरा कळलं. गाडी चार इंच उचलल्यावर मागचा क्रॉस तुटला, तेव्हा मी जाड क्रॉस घातला. मग योकचा कान फाटला, तेव्हा योक बदलला. त्यानंतर ट्रान्सफर केसच्या मागच्या सीलमधून तेल झिरपायला लागलं. तोवर माझ्या हातात एकदाही कोनमापक आला नव्हता.

आधी भागांची ओळख करून घेऊ. गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारा ट्रान्सफर केस चेसिसला बांधलेला असतो, ॲक्सल स्प्रिंगांवर वरखाली नाचतो. या दोघांमधला पोकळ नळीचा दांडा म्हणजे ड्राइव्हशाफ्ट, गॅरेजच्या भाषेत प्रॉपेलर शाफ्ट. त्याच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतात. चार हातांचा पोलादी क्रॉस, प्रत्येक हातावर बारीक सुयांच्या बेअरिंगची टोपी आणि त्या टोप्या कानांत धरणारे दोन योक, एवढाच हा जॉइंट. अंतर कमीजास्त होईल तसा शाफ्ट लांब-आखूड व्हावा म्हणून त्यात खाचांची एक सरकती जोडणी असते, ती स्लिप. या जॉइंटला कुणी सोळाव्या शतकातल्या कार्डानोचं नाव देतं, कुणी सतराव्या शतकातल्या हूकचं. मोटारीसाठी तो बंदिस्त आणि टिकाऊ करून विकायला क्लॅरेन्स स्पायसरने १९०४ साली सुरुवात केली. म्हणूनच आजही क्रॉसच्या मापांना स्पायसरचे आकडे चिकटलेले आहेत.

एका फेरीत दोनदा पुढे, दोनदा मागे

वाकलेला जॉइंट गती जशीच्या तशी पुढे देत नाही. समजा ट्रान्सफर केसकडून मिनिटाला अगदी एकसारखे १००० फेरे येताहेत. जॉइंट ६ अंशांत वाकलेला असेल, तर शाफ्टचा वेग प्रत्येक फेरीत ९९५ ते १००६ च्या दरम्यान डोलतो. हे कुणाला कळणारही नाही. २० अंशांत तो ९४० ते १०६४ होतो आणि ३० अंशांत ८६६ ते ११५५. वर जाऊन खाली येण्याचं हे चक्र एका फेरीत दोनदा होतं. कोन दुप्पट झाला की हा झटका साधारण चौपट होतो, आणि शाफ्टचा वेग दुप्पट झाला तरी चौपटच. म्हणून दगडांतून चालीच्या वेगाने जाताना २० अंशांचा जॉइंट निमूट चालतो आणि तीच गाडी हमरस्त्याला लागली की आरसे थरथरायला लागतात.

मग मुळात गाड्या चालतात कशा? दुसऱ्या टोकाचा जॉइंट पहिल्याची चूक उलटी करून फेडतो म्हणून. पण त्याच्या अटी आहेत. दोन्ही जॉइंटांचे कोन सारखे हवेत, फरक फार तर एका अंशाचा. ट्रान्सफर केसचा आउटपुट, म्हणजे त्यातून बाहेर येणारा दांडा, आणि डिफरन्शियलचा पिनियन, म्हणजे ॲक्सलमधल्या गिअरपेटीत शिरणारा दांडा, एकमेकांना समांतर हवेत. शाफ्टवरचे दोन्ही योक एका रेषेत हवेत. या अटी पाळल्या की पिनियनला पुन्हा एकसारखी गती मिळते. मात्र मधली नळी डोलतच राहते, तिच्यापासून सुटका नाही. त्यामुळे कोन सारखे असले तरी ते लहानही असावे लागतात. रस्त्यावर वेगाने पळणाऱ्या गाडीत एका जॉइंटला ३ अंशांच्या आत ठेवणं उत्तम.

आणि शून्य? शून्यही नको. पूर्ण सरळ जॉइंटमध्ये सुया फिरतच नाहीत, जागच्या जागी ठोके खात बसतात. असा क्रॉस उघडला की त्याच्या हातावर सुयांचे समांतर चर उमटलेले दिसतात, नखाने चाचपले तर फणीसारखे लागतात. अर्धा-एक अंश तरी कोन असावा, म्हणजे सुया लोळत राहतात आणि ग्रीस फिरत राहतं.

चार इंचांचा हिशेब

एक गैरसमज आधी दूर करतो. मोठे टायर घातल्याने शाफ्टचा कोन बदलत नाही, कारण सगळी गाडी एकत्रच वर जाते. नुसती बॉडी चेसिसपासून उचलली तरीही बदलत नाही. कोन बिघडतो तो सस्पेन्शन उचलल्यावर. तेव्हा चेसिस वर जातं, त्याच्यासोबत ट्रान्सफर केस वर जातो आणि ॲक्सल तिथेच राहतो.

आखूड गाडी घ्या, जिच्या दोन जॉइंटांमध्ये आडवं अंतर जेमतेम ५०० मिमी आहे आणि शाफ्ट मूळचा ६ अंश खाली झुकलेला आहे. ती १०० मिमी, म्हणजे साधारण चार इंच, उचलली की उभ्या-उभ्याच कोन १७ अंशांवर जातो. आता मागचं चाक खड्ड्यात लोंबकळलं आणि ॲक्सल आणखी १५० मिमी खाली गेला, तर ३१ अंश. लांब गाडीत हेच अंतर १२०० मिमी असेल, तर उचलल्यावर ११ अंशही होत नाहीत आणि लोंबकळताना १७ होतात. ‘मित्राने पण चारच इंच उचलली, त्याला काही त्रास नाही’ या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा इतकंच असतं, की मित्राची गाडी लांब आहे.

लांबीचाही हिशेब आहे आणि तो लोक विसरतात. त्याच आखूड गाडीत दोन जॉइंटांमधलं तिरकं अंतर उचलल्याने २० मिमी वाढतं आणि पूर्ण लोंबकळताना मूळ स्थितीपेक्षा ८० मिमीच्या आसपास वाढतं. तेवढी स्लिप बाहेर सरकते. खाचा दोन बोटं उरल्या आणि त्यांवर पूर्ण टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, आला, की त्या पिळवटतात किंवा शाफ्ट चक्क निखळून खाली पडतो. उलट, लांबी वाढवायच्या नादात शाफ्ट जास्तच लांब बनवला, तर ॲक्सल दाबून वर आल्यावर स्लिप तळाला टेकते आणि ट्रान्सफर केसच्या कवचावर घणासारखा घाव बसतो. (हे आकडे समजण्यापुरते आहेत. ॲक्सल प्रत्यक्षात आर्मच्या किंवा पाट्यांच्या कमानीत फिरतो, त्यामुळे आपल्या गाडीवर टेपनेच मोजावं.)

तुटायच्या क्षणी काय होतं

इंजिनाचा टॉर्क ४०० न्यूटन-मीटर धरा. पहिला गिअर ४ पट, लो रेंज (ट्रान्सफर केसमधला हळू गिअर) २.७ पट. शाफ्टवर कागदोपत्री ४,३२० न्यूटन-मीटर येतात. आता दुसऱ्या टोकाने बघू. मागच्या ॲक्सलवर १२०० किलो वजन, टायरची पकड चांगली, टायरची त्रिज्या ०.४२ मीटर आणि डिफरन्शियलचं गुणोत्तर ४.१ असेल, तर साधारण १,१०० न्यूटन-मीटरलाच चाकं घसरायला लागतात. म्हणजे एरवी टायरच शाफ्टला वाचवत असतो. चाक घसरलं की ताण सुटला.

हे संरक्षण दोन प्रसंगी नाहीसं होतं. पहिला, टायर दोन दगडांच्या बेचक्यात अडकतो आणि घसरूच शकत नाही. तेव्हा इंजिनाचा सगळा जोर शाफ्टवर येतो. दुसरा, गाडी उड्या मारत चढते, हवेत सुटलेलं चाक भर वेगात फिरतं आणि जमिनीवर आपटताच थांबतं. त्या क्षणी फिरत्या इंजिनाची आणि फ्लायव्हीलची सगळी ऊर्जा एका क्रॉसमध्ये उतरते. ॲक्सिलरेटर दाबून धरायची सवय ही सगळ्यात महागडी सवय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

कोन इथे पुन्हा आडवा येतो. वाकलेल्या जॉइंटमध्ये टॉर्क नुसता फिरवत नाही, कानांना बाजूलाही ढकलतो. ३० अंशांत हा बाजूचा जोर टॉर्कच्या निम्म्याहून जास्त होतो. सरळ असताना ज्या क्रॉसने काम निभावलं असतं, तोच लोंबकळत्या स्थितीत दगा देतो. त्यात दोन्ही योक एकमेकांना टेकले, तर क्रॉस ही वाचवायची गोष्टच राहत नाही, लोखंड लोखंडाला पहारीसारखं उचकटतं. अशा शाफ्टचा योक स्वच्छ पुसून बघा. आतल्या खांद्यावर चंद्रकोरीएवढी चकचकीत खूण दिसेल, कडेला रंग उडालेला. ती दिसली की नवा क्रॉस मागवू नका, आधी कोन सोडवा.

मोजायचं कसं

गाडी सपाट जमिनीवर, नेहमीच्या वजनासह, चाकांवर उभी हवी. जॅकवर लटकलेल्या गाडीवरचे आकडे इथे कामाचे नाहीत. डिजिटल कोनमापक घ्या, मोबाइलचं ॲपही चालेल. ट्रान्सफर केसचा आउटपुट योक, शाफ्टची नळी आणि पिनियनचा योक अशी तीन मापं घ्या. शेजारच्या दोन मापांतला फरक म्हणजे त्या जॉइंटचा कोन. नळी जमिनीशी किती अंशांत आहे याला एकट्याने काही अर्थ नाही, आणि नेमकी इथेच अर्ध्या लोकांची गफलत होते.

मग चेसिस स्टँडवर घेऊन ॲक्सल पूर्ण लोंबकळू द्या, गिअर न्यूट्रलला टाका आणि शाफ्ट हाताने सावकाश एक पूर्ण फेरा फिरवा. कुठे अडतो का, योक टेकतो का, स्लिप किती बाहेर आली, सगळं लिहून ठेवा. स्लिपवर रंगाची एक रेघ ओढली तर चार दिवस गाडी चालवल्यावर ती कुठवर सरकली तेही कळतं. पंधरा मिनिटांचं काम आहे.

उपाय, स्वस्तापासून

थोडंच काम असेल तर ट्रान्सफर केस ज्या आडव्या पट्टीवर बसतो ती इंचभर खाली घेतात. थरथर कमी होते, पण पोटाखालची जागा जाते. जी जागा मिळवायला गाडी उचलली तीच परत द्यायची, हा सौदा मला कधी पटला नाही. दोन तुकड्यांच्या शाफ्टमध्ये मात्र सेंटर बेअरिंग योग्य जाडीच्या तुकड्याने खाली घेणं रास्त आहे, लांब गाड्यांत बहुतेकदा तेवढ्याने भागतं.

पुढचा उपाय पिनियनचं तोंड फिरवण्याचा. कमानपाट्यांवर ॲक्सल असेल तर पाटा आणि बैठकीच्या मध्ये उताराची पाचर घालतात. ती पोलादी घ्या, ॲल्युमिनियमची दाबाखाली चिरडते. कॉइलच्या गाडीत लांबी बदलता येणारे कंट्रोल आर्म वापरतात. पण किती फिरवायचं, हे शाफ्टच्या प्रकारावर ठरतं आणि इथे घाई केली की आजार बदलतो, जात नाही. दोन साध्या जॉइंटांचा शाफ्ट असेल तर पिनियन आउटपुटला समांतरच ठेवावा लागतो. तो वर रोखला तर खालचा कोन कमी होतो, वरचा तेवढाच राहतो, आणि एकमेकांची चूक फेडण्याचा करार मोडतो. गाडी आधीपेक्षा जास्त थरथरते.

जास्त उचललेल्या आखूड गाडीवर खरा उतारा आहे डबल कार्डन. यात ट्रान्सफर केसच्या टोकाला दोन क्रॉस पाठोपाठ बसवलेले असतात आणि मध्ये एक गोळी त्यांना मध्यावर धरते. एकूण कोन दोघांत निम्मा-निम्मा वाटला जातो आणि चूक तिथल्या तिथे फिटते. खालच्या जॉइंटला काही फेडायचं उरत नाही, म्हणून पिनियनचं तोंड सरळ ट्रान्सफर केसकडे रोखायचं. उभ्या गाडीत ते एक-दोन अंश खालीच ठेवावं, कारण जोर लागला की पिनियन वर उचलला जातो आणि मग रेषेत येतो. ती मधली गोळी मात्र नाजूक आहे. तिचं ग्रीस सुकलं किंवा चिखल आत गेला की सगळ्यात आधी तीच किरकिरते. पिनियन बराच वर वळवला असेल तर डिफरन्शियलमधलं तेल पुढच्या बेअरिंगपर्यंत नीट पोचत नाही, त्यामुळे तेलाची पातळी थोडी चढती ठेवतात.

काही ट्रान्सफर केसमध्ये स्लिप मागच्या शेपटीतच असते, शाफ्टचं टोक आत-बाहेर सरकतं. १९९७ ते २००६ च्या बहुतेक जीप टीजे रँगलरमधला एनपी २३१ हे याचं प्रसिद्ध उदाहरण. ती लांब शेपटी शाफ्टची हक्काची लांबी खाते. ती काढून आखूड, पक्क्या योकचा आउटपुट बसवायचं किट मिळतं. शाफ्ट तेवढा लांब होतो, कोन उतरतो, स्लिप शाफ्टमध्येच येते आणि डबल कार्डनला जागा मिळते. आखूड गाडी चार इंच उचलणार असाल तर हा खर्च सुरुवातीलाच धरा. क्रॉसवर क्रॉस बदलून तो चुकत नाही.

पुढच्या ॲक्सलचं दुखणं वेगळं आहे. तिथे पिनियन वर फिरवला की स्टिअरिंगच्या नकल्सही (चाक वळवणारे सांधे) मागे-पुढे ढळतात, कॅस्टर, म्हणजे चाकांना सरळ धरणारा त्यांचा मागचा कल, कमी होतो आणि गाडी रस्त्यावर भरकटते. शाफ्ट सुखी की स्टिअरिंग सुखी, असा पेच पडतो. रस्त्यावर पुढचा शाफ्ट ताण घेत नसेल तर मी डोळे झाकून स्टिअरिंगच्या बाजूने कौल देईन. दोन्ही हवं असेल तर नळीच्या टोकाचे नकल धरणारे भाग कापून, फिरवून पुन्हा वेल्ड करावे लागतात. ते काम ज्याचा हात बसलाय त्याच्याकडेच द्यावं. जेके रँगलरच्या पुढच्या शाफ्टला क्रॉसऐवजी गोळ्यांचे रझेप्पा जॉइंट येतात. उचललेल्या गाडीत त्यांचं रबरी बूट फाटतं, ग्रीस उडून जातं आणि थोड्याच दिवसांत जॉइंट कडाडतो. तिथे लोक सरळ डबल कार्डनचा शाफ्ट घालतात.

आणि पाट्यांच्या गाडीत उंचीसाठी लोखंडी ठोकळे घातले असतील, तर जोर लागल्यावर ॲक्सल पिळवटतो का ते बघा. कुणाला तरी बाजूला सुरक्षित अंतरावर उभं करून चढावर मोबाइलने चित्रण करून घ्या. पिनियनचं नाक वर उठतं, पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो, सुटतो, पुन्हा वळतो. चाकं धडधड नाचतात ती यामुळेच. पिनियन धरून ठेवणारा आधाराचा आर्म बसवल्याशिवाय इथे कितीही जाड शाफ्ट टिकत नाही.

आता जाडीकडे येऊ. स्पायसरच्या १३१० मापाच्या क्रॉसची टोपी २७ मिमीची. १३३० ची टोपीही तेवढीच, फक्त क्रॉस रुंद. १३५० ला टोपी ३० मिमीची होते आणि ताकदीत खरी उडी तिथे दिसते. नळीची भिंत जाड घेतली तर दगडाचे घाव सोसते, पण वेगात गरगरण्याची मर्यादा जवळजवळ तेवढीच राहते. ती वाढते नळीचा व्यास मोठा केल्याने आणि घटते लांबीच्या वर्गाने. आणखी एक हिशेब मनात असू द्या. क्रॉस तुटला तर अर्ध्या तासात बदलता येतो, ट्रान्सफर केसचा आउटपुट तुटला तर गाडी उचलून न्यावी लागते. म्हणून साखळीतला सगळ्यात कच्चा दुवा मी मुद्दाम क्रॉसच ठेवतो.

एकदा शाफ्ट ग्रीस करून परत आला आणि गाडी साठच्या वेगालाच गुणगुणायला लागली. जोडणाऱ्याने स्लिप एका खाचेने फिरवून बसवली होती, दोन्ही योक रेषेतून सुटले होते. तेव्हापासून शाफ्ट उघडण्याआधी दोन्ही भागांवर पंचची एक खूण मारतो. थरथर कशाची आहे ते ओळखायलाही एक ताळा आहे. शाफ्टच्या एका फेऱ्याला एक ठोका असेल तर बॅलन्स बिघडलाय, नळीला पोचा आलाय किंवा वजनाची पट्टी पडलीय. एका फेऱ्याला दोन ठोके म्हणजे कोनाची भानगड. ॲक्सिलरेटर सोडला की थरथर बदलते का, हेही बघा. बदलत असेल तर पिनियन जोराखाली हलतोय. क्रॉसच्या टोपीभोवती विटकरी भुकटी, सुरुवातीला चिमणीसारखी चिवचिव आणि गिअर टाकताना ‘टक्’, ही क्रॉस जायच्या आधीची लक्षणं.

तरीही रानात तुटलाच, तर तुटका शाफ्ट पूर्ण काढून घ्या. लोंबता ठेवला तर तो ब्रेकचे पाइप आणि टाकी झोडपतो. मधला डिफरन्शियल नसलेल्या पार्ट-टाइम गाडीत मागचा शाफ्ट काढून फोर व्हीलवर टाकली की ती पुढच्या चाकांवर हळूहळू घरी येते. शेपटीत स्लिप असलेल्या ट्रान्सफर केसला मात्र हे चालत नाही, शाफ्ट बाहेर काढताच त्या भोकातून तेल वाहतं. आणि पहिला बोल्ट सैल करण्याआधी चारही चाकांना दगड लावा. शाफ्ट सुटला की गिअर किंवा ‘पार्क’ गाडीला धरत नाही, आणि तुम्ही नेमके तिच्याखाली असता.